बोटावरचा फोड आणि नीटचं तिसरं वर्ष

नमस्कार गुरुजी,

अंबाजोगाईहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाने लातूरला राहून दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. आता तो क्लासला जायला तयार नाही, परभणीच्या मामेभावासोबत एसीच्या कामावर जातो आणि आयटीआय करायचं म्हणतो. त्याला पुन्हा अभ्यासाकडे कसं वळवावं, असं तुम्ही विचारलंय.

मार्कांवर तुम्ही पानभर लिहिलंय. मध्येच एक ओळ आहे, ‘घरी असला की मान खाली घालून जेवतो अन् उठून जातो.’ मला काळजी वाटली ती या ओळीची. खाली तुम्ही लिहिता, ‘गुरुजींचा मुलगा एसीवाला झाला तर सोयऱ्याधायऱ्यांत काय तोंड दाखवू?’ हे त्याच्या कानावर नक्कीच गेलंय. ते शब्द आधी परत घ्या, आणि त्याच्या आईसमोर घ्या. तिसरं वर्ष लादू नका. उद्या त्यालाच वाटलं तर नीट पुन्हा देता येते. पण आज जो पोरगा तुमच्याशी बोलत नाही, तो लातूरच्या खोलीत एकटा बसून काय करतोय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

आता त्याच्या बोटाचं. काम करताना बोटावर भाजल्यासारखा फोड आला, म्हणजे हे काम वाईट, असं तुम्ही धरून चाललात. तिथे काय झालं असेल ते सांगतो. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे ५२ अंशांनाच उकळतो. पाइप सोडताना त्याचा द्रव उघड्या हातावर उडाला की कातडी गोठते. हातमोजे असते तर हे टळलं असतं. शिकलेला माणूस नट ढिला करण्याआधी गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतो आणि तो सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरत नाही. लीकेज तपासायला कोरडा नायट्रोजन वापरतो, ऑक्सिजन कधीच नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली तर स्फोट होतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून खोली हवेशीर केल्याशिवाय शिकलेला माणूस ब्रेझिंगचा, म्हणजे तांब्याच्या नळ्या जोडायचा, टॉर्च पेटवत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साठतो आणि माणूस गुदमरतो. मामेभाऊ कामाला हुशार असेलही, पण यातलं किती त्याला कुणी शिकवलंय? तुमची भीती खरी आहे गुरुजी, म्हणूनच मुलाला रीतसर शिकू द्या. अडवलंत तर तो चोरून जाईल आणि असाच उघड्या हाताने काम करील.

‘चार महिने गॅस भरायचा, आठ महिने रिकामं बसायचं,’ हा तुमचा समज मात्र चुकीचा आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. दर उन्हाळ्यात नुसता गॅस मारून जाणारा गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवतो. लीक शोधणारा, व्हॅक्यूम नीट घेणारा म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण काढणारा, गॅस वजनावर भरणारा माणूस मिळत नाही. दवाखान्यांची ऑपरेशन थिएटरं, वाळूजचे औषधांचे कारखाने, शीतगृहं यांना बारा महिने असा माणूस लागतो. त्यात गॅसही बदलताहेत. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारे नवे एसी बनवायला बंदी आहे, जुने मात्र अजून दुरुस्तीला येतात. दोन्ही जाणणाऱ्याची गरज वाढणार आहे.

कष्ट आहेत. मे महिन्यात गच्चीवर, विजेच्या तारांजवळ काम, आणि सुरुवातीला पगार बेताचा.

आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसीचा कोर्स दोन वर्षांचा आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. पुढे अप्रेंटिसशिप करता येते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सगळ्याच आयटीआयमध्ये हा कोर्स नसतो, तेव्हा राज्याच्या प्रवेश पोर्टलवर बघा. अर्ज त्यालाच भरू द्या, तुम्ही फी भरा. प्रवेश होईपर्यंत तो मामेभावाकडे जाणारच असेल, तर चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा या आठवड्यातच घेऊन द्या. बोटावरचा फोड अजून बरा झाला नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.