पोकेमॉनच्या कॉम्पिटिटिव्ह सिंगल्समध्ये लीडचा (मॅचला पहिल्या पाठवायच्या पोकेमॉनचा) बिल्ड नेमका कसा ठरवायचा? माझा लीड स्टेल्थ रॉक (समोरचा जो कोणी आत येईल त्याला लागणारे दगड) टाकतो आणि लगेच मरतो, ईव्ही (स्टॅट वाढवायला वाटायचे पॉइंट) कुठे टाकू?

तुम्ही लिहिलंय की स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये ग्रेट टस्कला लीड ठेवता, अटॅक आणि स्पीडमध्ये 252-252 ईव्ही (एका स्टॅटला जास्तीत जास्त एवढेच) टाकलेत, आणि तरी पहिल्या दोन टर्नमध्येच मॅच हातातून जाते. यावर माझं मत अगदी पक्कं आहे: लीडचा बिल्ड स्टॅट्सवरून ठरवायचाच नसतो, मरायच्या आधी याला किती मूव्ह मारायला मिळणार आणि त्या कुठल्या, हे आधी मोजायचं, ईव्ही वगैरे सगळं त्याच्या नंतर.

म्हणजे बघा, ग्लिमोरा फोकस सॅश घेऊन लीडला आलीये असं धरू. फुल एचपीवर असताना सॅश तिला कुठल्याही एका फटक्यातून 1 एचपीवर वाचवते, म्हणजे पहिल्या टर्नला तिचा स्टेल्थ रॉक बहुतेक वेळा पडणारच, समोरच्याकडे टॉन्ट (मारायच्या सोडून बाकी मूव्ह बंद करणारी मूव्ह) नसेल तर. पण दुसऱ्या टर्नला काय? तिथे जो फास्ट तो आधी. ग्लिमोरा फास्ट असेल तर तिला अजून एक मूव्ह मिळते, स्लो असेल तर तिचा खेळ एका मूव्हमध्येच संपला. सॅशवाल्या लीडसाठी स्पीड म्हणजे एक जास्तीची मूव्ह, आणि असा लीड असतोच जेमतेम दोन मूव्हपुरता, त्यामुळे ती एक मूव्ह म्हणजे त्याचं अर्धं काम आहे. म्हणूनच सॅशवाल्याच्या एचपी-डिफेन्समध्ये ईव्ही घालण्यात सहसा अर्थ नसतो, फटका कितीही मोठा असला तरी तो 1 वरच उरणार आहे. अपवाद मल्टीहिटचा: उर्शिफूचा सर्जिंग स्ट्राइक्स तीनदा लागतो, ड्रॅगापल्टचे ड्रॅगन डार्ट्स सिंगल्समध्ये दोनदा, तिथे सॅश असून नसल्यासारखी. आणि आपल्या बाजूला रॉक-स्पाइक्ससारखं हॅझर्ड पडल्यावर सॅशवाला स्विच करून आत आणला तर येतायेताच एचपी जातो, सॅश वाया, म्हणून तो पहिल्या टर्नलाच वापरायचा.

आता तुमचा ग्रेट टस्क. लेव्हल 100 ला जॉली नेचर (स्पीड वाढवणारं) आणि 252 स्पीड ईव्ही दिले की त्याचा स्पीड 300 होतो. टिमिड (हेही स्पीड वाढवणारं नेचर) घोल्डेंगो जास्तीत जास्त 293 वर जातो. मग कोणीतरी सांगतं, अरे 294 पुरतो की, 232 ईव्हीमध्ये काम होतंय, उरलेले 20 एचपीत टाक. कागदावर बरोबर आहे, 20 ईव्ही म्हणजे 5 एचपी फुकटात. पण टिमिड ग्लिमोरा 298 वर असते! त्या 5 एचपीसाठी तुम्ही तिला दुसरी मूव्ह देऊन टाकली. तिला मागे टाकायला 299 लागतो, त्यासाठी 248 ईव्ही, म्हणजे वाचतात फक्त 4, आणि तेवढ्यासाठी समोरच्या टस्कबरोबरचा 300 चा टाय (स्पीड सारखा, कोण आधी ते नशिबावर) सोडायचा, मी तर नाही सोडणार. स्पीडचा आकडा असा एकट्या पोकेमॉनकडे बघून कधीच ठरवू नका, लॅडरवर (ऑनलाइन रँकिंगच्या मॅचमध्ये) तुमच्यासमोर जे पाच-सहा लीड सारखे येतात त्यांचे स्पीड एका खाली एक लिहून काढा आणि आपला आकडा नेमका कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली बसतोय ते बघा, बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो. आणि अ‍ॅडमंट नेचर (स्पीडऐवजी अटॅक वाढवणारं) केलंत तर टस्क 273 वर येतो, म्हणजे घोल्डेंगो आणि ग्लिमोरा दोघंही पुढे, अटॅक वाढला तरी लीड म्हणून मला तो सौदा पटत नाही.

जाड लीड असेल तर हिशोब पूर्ण उलटा. टिंग-लूचा एचपी बेसच 155 आहे, शून्य ईव्हीवर 451, 252 टाकले की 514, म्हणजे साधारण 14 टक्के वाढ. तेच 252 स्पेशल डिफेन्समध्ये टाकून वर नेचरही त्याचंच दिलं तर 196 चा 284 होतो, नेचर सोडून नुसत्या ईव्हीने 259, म्हणजे तरी 32 टक्के. एचपी दोन्ही बाजूंना कामाला येतो हे खरं, त्यामुळे मी दोन्हीत 252 टाकते, पण कुठेतरी कापायची वेळ आलीच तर एचपीतून कापायचं हे यातून कळतं. याला सॅश अजिबात देऊ नका, लेफ्टओव्हर्स द्या, दर टर्नला एचपीचा सोळावा भाग परत येतो. हा मरत नाही, रॉक टाकतो, स्पाइक्स टाकतो, मग व्हर्लविंडने समोरच्यांना फिरवत बसतो आणि प्रत्येक नवीन येणारा हॅझर्ड खात आत येतो.

डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये बघताना एक लक्षात ठेवा, डॅमेज 85 ते 100 टक्क्यांमध्ये 16 पायऱ्यांत फिरतं, एकेक पायरी म्हणजे एक रोल. सोळापैकी एकाच रोलला तुम्ही मरत असाल तर अजून 8-12 ईव्ही घालून तो रोल बंद करण्यासारखा आहे, सोळापैकी दहा रोलला मरत असाल तर तिथे ईव्ही ओतण्यापेक्षा आयटम बदला किंवा सरळ तो मॅचअप सोडून द्या.

मूव्हज निवडताना टॉन्ट आणि मॅजिक बाउन्स (स्टेटस मूव्ह उलट परतवणारी ॲबिलिटी) डोक्यात ठेवूनच निवडा. चारही मूव्ह स्टेटसच्या (थेट न मारणाऱ्या) असतील तर टॉन्ट लागला की संपलं, निदान एक तरी मारायची मूव्ह पाहिजेच पाहिजे. मॅजिक बाउन्सवाला हॅटरीन समोर असेल तर तुमचा स्टेल्थ रॉक उलट तुमच्याच बाजूला पडतो. म्हणून मला लीड म्हणून हिसुईचा सॅमुरॉट फार आवडतो, त्याचा सीझलेस एज ही मारायची मूव्ह आहे, मारता मारता स्पाइक्स टाकतो, टॉन्ट आणि बाउन्स दोन्हीला दाद देत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, रॉक तुम्हाला हवाय तरी का आणि कोणासाठी? साध्या पोकेमॉनला तो साडेबारा टक्के लागतो, ड्रॅगोनाइटला 25, वोल्करोनाला तर 50. ड्रॅगोनाइटचा मल्टिस्केल (लागणारं डॅमेज निम्मं करणारी ॲबिलिटी) फुल एचपीवरच चालतो, त्यामुळे 25 टक्क्यांपेक्षा तो मल्टिस्केल तुटणं जास्त मोलाचं, अर्थात त्याने बूट्स (हॅझर्डपासून वाचवणारा आयटम) घातले नसतील तरच. तुमच्या टीममध्ये शेवटी मॅच संपवणारा जो कोणी आहे तो कोणाला एका फटक्यात मारायला थोडक्यात कमी पडतो ते बघा, तेवढं डॅमेज आधीच करून ठेवणं हेच लीडचं काम. रॉक टाकून तो टिकवायचा असेल तर मागे घोल्डेंगो ठेवा, घोस्ट टाइप असल्यामुळे हॅझर्ड उडवणारी रॅपिड स्पिन त्याला लागत नाही आणि गुड अ‍ॅज गोल्ड या ॲबिलिटीमुळे त्याच्यासमोर हॅझर्ड साफ करणारा डिफॉगही चालत नाही.

2010 च्या ब्लॅक-व्हाइटपासून मॅचच्या आधी समोरची टीम दिसते, त्यामुळे 'लीड' म्हणून बनवलेला पोकेमॉन दर मॅचला पहिला पाठवायचं बंधन नाही. सॅशवाला असेल तर पहिला पाठवा नाहीतर त्या मॅचपुरता शेवटी बळी द्यायला ठेवा, जाड असेल तर मागे ठेवून समोरचा हॅटरीन वगैरे गेल्यावर आणा. डबल्सचं गणित वेगळं, तिथे फेक आउट आणि टेलविंडवाले लीड असतात, ते इथे घेत नाही.

तुमच्या टस्कपुरतं सांगायचं तर जॉली, 252 स्पीड तसंच ठेवा, आणि मला सांगा की बाकीचे पाच कोण आहेत आणि त्यातला मॅच संपवणारा कोण, मग आयटम आणि चौथी मूव्ह ठरवता येईल.