वीस हजारांसाठी वहिनींच्या पाटल्या?

कडोलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. रताळी, बटाटा आणि कोबी बेळगावच्या एपीएमसीत नेण्यासाठी त्यांना स्वतःची गाडी हवी होती. एका फायनान्स कंपनीने जप्त केलेली 2018 सालची पिकअप ऑनलाइन लिलावात दिसली. पासिंग एमएच-09, यार्ड कोल्हापूरजवळ. 20,000 रुपये अनामत भरून त्यांनी बोली लावली आणि 3,85,000 ला ती जिंकली. पाहायला गेले तर फोटोतले टायर नाहीत, बॅटरी नाही, स्टेपनीही नाही. कंपनी म्हणते, गाडी ‘आहे त्या स्थितीत’ विकली आहे, पाच दिवसांत उरलेले पैसे भरा, नाहीतर अनामत जप्त. ते विचारतात: बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवून अडीच लाख काढू, 12 टक्क्यांनी, बाकीची ठेव मोडू, आणि गाडी सोडवून मग कंपनीवर केस करू का?

नका करू. का ते सांगतो. त्यात थोडं तुम्हाला न आवडणारंही आहे.

भाऊ, तुम्ही तीन पानांत कंपनीची लबाडी लिहिली आहे आणि गाडीच्या हिशेबाला चार ओळी. मी उलटं केलं, हिशेब आधी मांडला. बोली 3,85,000. लिलाव पोर्टलचा दोन टक्के आकार 7,700, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,086. चार टायर 24,000 आणि बॅटरी 6,500, हे तुम्हीच विचारून आलेले भाव. ॲपवर दिसलेले जुने चलान 6,500. नाव बदलणं, महाराष्ट्राची एनओसी (ना हरकत दाखला), केए-22 चं म्हणजे बेळगावचं पासिंग आणि इथला टॅक्स मिळून तुमच्या एजंटाने सांगितलेले 30,000. विमा 28,000. बेरीज 4,89,086, आणि यात स्टेपनी धरलेलीच नाही.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही कंसात टाकली: ‘गावात एक केए-22 ची गाडी साडेचारला मिळत होती, महाग वाटली.’ तिचे पेपर स्वच्छ, विमा मार्चपर्यंत, चालवणारा तुमच्या ओळखीचा. लिलावातले वीस हजार बुडाले असं धरून ती घेतली, तरी एकूण 4,70,000 होतात. म्हणजे अनामत सोडूनही एकोणीस हजार कमी. संचकार, म्हणजे दिलेला विसार, वाचवायचा म्हणून घर गहाण टाकणारे लोक मी जमिनीच्या व्यवहारात पाहिलेत. गाडीत तरी तसं करू नका.

लिलावाची आणखी एक गंमत तुमच्याच पत्रात आहे. मनात 3,40,000 धरून बसला होता आणि शेवटच्या पाच मिनिटांत 45,000 वर चढला, कारण कुणी बोली लावली की वेळ पुन्हा वाढत होती. समोर कंपनीचाच माणूस होता, असा तुमचा संशय आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यात, कलम 64, विक्रेत्याने भाव चढवायला खोटी बोली लावली तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. पण ते सिद्ध करायला पोर्टलच्या आतल्या नोंदी लागतात. पुरावा हातात येईपर्यंत ‘खोटी बोली’ हा शब्द कंपनीला लिहायच्या मेलमध्ये नको.

हातात आहे ते वेगळं आहे. तुम्ही पाठवलेला टायरचा फोटो मी मोठा करून पाहिला. रबरावर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या फोटोत 3216 आहे. म्हणजे 2016 च्या 32 व्या आठवड्यात बनलेला टायर 2018 च्या गाडीला लावलेला. तो गाडीचा जन्मजात टायर नव्हे, हे उघड आहे. जाहिरातीतल्या फोटोत नक्षीही वेगळी दिसते. पण तो बदलला कधी? जप्तीआधी जुन्या मालकाने, की यार्डात, की तुमची बोली लागल्यावर? सगळं भांडण त्या तारखेवर आहे. गाडी ओढून आणतात तेव्हा यार्डात यादी करतात: टायर किती, बॅटरी आहे का, स्टेपनी, जॅक. त्या यादीची प्रत मागा. यादीत बॅटरी लिहिलेली असेल आणि आज नसेल, तर ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द त्यांना फारसे वाचवणार नाहीत, कारण ज्या स्थितीत लिलाव झाला तीच स्थिती राहिलेली नाही. त्याच कायद्याचं कलम 15 सांगतं, वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असायला हवा.

तुमची दुबळी बाजूही ऐका. पाहणीला दोन दिवस दिले होते आणि काढणी चालू म्हणून तुम्ही गेला नाही. समोरचा वकील हाच मुद्दा आधी काढेल. अनामतही बोलीच्या साधारण पाच टक्के आहे. करार कायद्याच्या कलम 74 ने भरपाई वाजवी असावी लागते खरी, पण पाच टक्के अवाजवी आहेत हे पटवणं सोपं नाही. आणि अटींत एक गोष्ट शोधा: पैसे न भरल्यास फक्त अनामत जाते, की फेरलिलावातला तोटाही तुमच्याकडून मागता येतो? दुसरं लिहिलं असेल तर गप्प बसून पाच दिवस जाऊ देणं धोक्याचं.

म्हणून आजच मेल करा. ‘गाडी नको’ असं लिहू नका आणि ‘मान्य’ असंही नाही. लिहायचं एवढंच: जाहिरातीतले फोटो आणि आजचे फोटो जोडले आहेत, फरक हा आहे, यार्डातल्या यादीची प्रत द्या. वर्णनाप्रमाणे गाडी द्या, नाहीतर अनामत परत करा, आणि तोवर पैसे भरण्याची मुदत थांबवा. फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. ‘मी आतून सेटल करतो’ म्हणणाऱ्या यार्डातल्या माणसाला एक रुपया देऊ नका. त्याच्या खात्यावर पैसे गेले तर मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करत बसावं लागेल.

समजा त्यांनी टायर आणि बॅटरीचे 30,500 कमी केले. मग ही गाडी 4,58,586 ला पडते, गावातली गाडी बुडालेल्या अनामतीसह धरली तर तिच्यापेक्षा 11,414 ने स्वस्त. पण त्या अकरा हजारांत तुम्ही न ऐकलेलं इंजिन आणि दुसऱ्या राज्याचे कागद विकत घेता. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून जुन्या कर्जदाराच्या नावावर आहे की कंपनीने फॉर्म 36 देऊन स्वतःच्या नावावर केली, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. कोल्हापूर आपल्याला दोन तासांवर, पण आरटीओला ते परराज्य. एनओसी अडकली की गाडी अंगणात उभी आणि रताळी पोत्यात. मी तरी ही सवलत मिळाली तरी घेणार नाही.

केसबद्दल. मालवाहतुकीची गाडी म्हणजे धंदा, मग ग्राहक कसे, असं कंपनी म्हणेल. स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात चालते आणि तुम्ही स्वतः गाडी चालवणार असल्याने तो मुद्दा तुमच्या बाजूने आहे. तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनीच्या अटींत मुंबईचं कोर्ट लिहिलेलं असलं तरी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. मात्र 2009 साली चंदीगडच्या भूखंड लिलावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिलावातल्या खरेदीदाराला ग्राहक मानलं नव्हतं. तो निकाल भूखंडांचा असला तरी तो पुढे केला जाईल, हे धरून चला. आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच कंपनी नरमते. वीस हजारांसाठी पंधरा हजारांचा वकील लावण्याआधी एवढं तरी करा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही. भाड्याच्या गाडीला खेपेला 1,800 देता, स्वतःची असेल तर डिझेल धरून 700 लागतील. वाचले 1,100. हंगामाचे पाच महिने महिन्याला 12 खेपा, बाकीचे सात महिने 5. वर्षाच्या 95 खेपा, बचत 1,04,500. त्यातून विमा 28,000, देखभाल आणि फिटनेस मिळून 30,000. गावातली गाडी साडेचारला घेतली, त्यातले अडीच लाख कर्जाचे, तर पहिल्या वर्षी व्याज 30,000 च्या आसपास. उरलेले दोन लाख ठेवीतून, म्हणजे 8 टक्क्यांनी येणारे 16,000 गेले. राहिले 500 रुपये. गाडीची किंमत दरवर्षी घटते, तो धक्का यात नाहीच.

शेजारच्या दोघा-तिघांचा माल भाड्याने नेणार असाल तर गणित बदलतं. महिन्याला अशा सहा खेपा वर्षभर मिळाल्या तर ऐंशी हजारांच्या आसपास वर पडतील. पण आधी माणसं ठरवा, नंतर गाडी. तीन हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. पिकअप त्यात बसते का, हे आरसीवर पाहा.

ठेव सोसायटीत आहे असं लिहिलंत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. मोडणारच असाल तर त्यातले लाखभर गाडीत न घालता बँकेत न्या.

पाटल्या कपाटातच राहू द्या. मेल गेला की प्रत मलाही पाठवा, आणि अटींचं ते पान नीट उजेडात फोटो काढून, कारण पाठवलेल्या फोटोत सातवी अट तुमच्या अंगठ्याखाली गेली आहे.