विमान 'स्टॉल होतं' म्हणजे नेमकं काय होतं?

एका वाचकाचा प्रश्न: "बातमीत वाचलं, 'हवेत असतानाच विमान स्टॉल झाले, म्हणजेच त्याचे इंजिन बंद पडले.' माझा भाचा वैमानिकाचं शिक्षण घेतोय. तो म्हणतो, आम्ही मुद्दाम स्टॉल करतो, तो सरावच असतो. ही मुलं वर जाऊन इंजिन बंद करतात की काय? आणि स्टॉल, एलेव्हेटर, रडर, एलेरॉन यांना मराठीत काय म्हणावं?"

भाचा बरोबर आहे, बातमी चुकली आहे. या स्टॉलमध्ये इंजिनाला काही होत नाही. स्टॉल होतो तो पंख.

गोंधळ होण्याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. क्लच पटकन सुटला की गाडी आचका देऊन बंद पडते, तो स्टॉल आपल्या ओळखीचा. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ उभं राहण्याची जागा, घोड्याचं ठाण. बाजारातला स्टॉल त्याच घरातला. जागच्या जागी अडून राहणं या अर्थाने तो इंजिनाला लागला. पंखाला लागला तेव्हा मात्र थांबणारी गोष्ट बदलली. इथे थांबतं ते पंखाचं विमानाला उचलून धरणं.

ते कसं, हे एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या कुणालाही कळेल (कंडक्टर ओरडेल, ते वेगळं). तळवा आडवा धरून पुढची कड थोडी वर केली की हात वर उचलला जातो. आणखी तिरपा केला की आणखी उचलला जातो. एका मर्यादेपलीकडे मात्र तो वर जायचा थांबतो, नुसता मागे ढकलला जातो आणि थरथरतो. पंखाचंही तेच. समोरून येणाऱ्या हवेला पंख किती तिरपं तोंड देतो, यावर सगळं अवलंबून असतं. शिकाऊ विमानांच्या पंखात ही मर्यादा साधारण १५ ते १६ अंशांवर येते. तोवर हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला, त्याच्या पाठीला, चिकटून वाहते. मर्यादा ओलांडली की प्रवाह सुटतो, मागे भोवरे होतात आणि उचल एकदम घटते. मला विचाराल तर स्टॉलचं मराठीत एका वाक्यात वर्णन असं करावं: हवा पंखाची पाठ सोडते.

या कोनाला इंग्रजीत 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. त्याचा 'हल्ल्याचा कोन' करू नये, हे सांगायला नको. शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातला 'आपाती कोन' इथे जवळचा वाटतो, पण त्यात एक खड्डा आहे. विमानात 'अँगल ऑफ इन्सिडन्स' ही वेगळीच गोष्ट असते. पंख धडाला ज्या कोनात कायमचा बसवलेला असतो तो. तो उड्डाणात बदलत नाही, आपला हा कोन क्षणाक्षणाला बदलतो. विद्यार्थ्याला समजावताना मी साधं 'हवेशी कोन' म्हणेन. 'वाऱ्याशी कोन' म्हटलं की लगेच मनात येतं, आज वारा कुठला? त्या वाऱ्याशी याचा संबंध नाही. विमान ज्या दिशेने हवेतून पुढे सरकतं, त्याच्या नेमकी उलट दिशेने पंखावर येणारी ती हवा.

आता भाच्याचा सराव. पुरेशा उंचीवर जाऊन थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेतात, इंजिन मंद फिरत राहतं. उंची सुटू नये म्हणून योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं नियंत्रणाचं चाक, हळूहळू मागे ओढत जातात. नाक वर येतं, वेग उतरतो, योक सैल, ढिला लागायला लागतो. सेसना १७२ या शिकाऊ विमानात याच सुमाराला भोंगा वाजतो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, आत पेटीत असते तशी रीड. कोन वाढला की तिथे शोषण तयार होतं आणि रीड बोलते. विजेची भानगडच नाही. म्हणून उड्डाणाआधी विद्यार्थी त्या भोकाला स्वच्छ रुमाल लावतो आणि तोंडाने हवा ओढून भोंगा वाजतो का पाहतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोरगा विमानाचा मुका घेतोय. भोंग्यानंतर थरथर येते, मग नाक आपसूक खाली जातं. उपाय एकच: योक पुढे, म्हणजे कोन कमी, आणि मग थ्रॉटल पुढे. हाच सराव उड्डाण घेतानाच्या ताकदीवर, इंजिन जोरात चालू ठेवूनही करतात. बातमी लिहिणाऱ्याने एवढं एकच जरी ऐकलं असतं तरी 'म्हणजेच' लिहिताना हात थबकला असता.

'वेग कमी झाला की स्टॉल' हेही अर्धसत्य. १७२एसच्या वेगमापकावर हिरवी पट्टी ४८ नॉट्सपासून सुरू होते (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). तो स्टॉलचा वेग, पण सरळ उड्डाणाचा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली सोडता येणाऱ्या फळ्या) वर असतानाचा आणि पूर्ण वजनाचा. तेच विमान ६० अंश कलवून उंची राखत वळवलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉल सुमारे ६८ नॉट्सलाच गाठतो. वेग बदलला, कोन तोच.

सगळ्यात दुःखद उदाहरण १ जून २००९चं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं उड्डाण क्रमांक ४४७, विमान एअरबस ए३३०. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि गोंधळात नाक वर ओढलं गेलं. सुमारे ३८ हजार फुटांवर विमान स्टॉल झालं आणि साडेतीन मिनिटांत अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ जण गेले. दोन्ही इंजिनं तोवर चालू होती, वैमानिकांच्या हुकुमाला प्रतिसाद देत होती.

इथेच एलेव्हेटरचा शब्दार्थ कसा फसवतो ते दिसतं. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे जोडलेली ही हलती फळी. नाव 'वर नेणारा', काम शेपटी खाली-वर करण्याचं. योक ओढला की एलेव्हेटर वर वळतो, शेपटी दबते, नाक उठतं, कोन वाढतो. मर्यादेच्या आत विमान चढतं. मर्यादेपलीकडे तोच 'वर नेणारा' विमानाला खाली नेतो. म्हणून त्याला 'उत्थापक' वगैरे म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय सरकारी मराठीत इमारतीची लिफ्ट 'उद्वाहन' आहे. पंखाच्या उचलून धरणाऱ्या बलालाही इंग्रजीत 'लिफ्ट'च म्हणतात, पण 'लिफ्ट कमी झाली' म्हटलं की मराठी कानाला सोसायटीची मीटिंगच आठवते. त्या बलासाठी 'उचल' चालावा. ऊसतोडीच्या मजुरांची उचल वेगळी, पण संदर्भाने कळतं.

रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखामागच्या हलत्या फळीला, 'सुकाणू' सर्रास म्हणतात. शब्द देखणा आहे, अरबी 'सुक्कान'मधून दर्यामार्गे आलेला. पण होडी सुकाणूने वळते, विमान रडरने वळत नाही. विमान वळतं कलून: पंखांची उचल तिरपी होते आणि तिचा आडवा भाग विमानाला वळणात ओढतो. कलवण्याचं काम एलेरॉनचं, म्हणजे पंखांच्या टोकांजवळ मागच्या कडेला असलेल्या हलत्या फळ्यांचं. ज्या पंखाचा एलेरॉन खाली जातो त्याची उचल वाढते, पण ओढही (हवेचा मागे खेचणारा विरोध) वाढते, आणि नाक वळणाच्या उलट बाजूला रेंगाळतं. रडर त्या रेंगाळण्याला आवरतो. 'सुकाणू' लिहायचं तर हे जाणून लिहावं. राइट बंधूंनी तर पुढच्या बाजूच्या एलेव्हेटरलाही आडवा रडरच म्हटलं होतं, तेव्हा इंग्रजीनेही सुरुवातीला होडीचेच शब्द उसने घेतले. एलेरॉन फ्रेंच, अर्थ 'छोटा पंख'. 'पंखुली' गोड वाटतं, पण कॉकपिटमध्ये कुणी म्हणणार नाही.

माझं मत, या तिन्ही भागांची नावं आहेत तशी ठेवा. स्टॉलही ठेवा. परीक्षा आणि रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत असतं, एकाच गोष्टीला दोन नावं घोकून विद्यार्थ्याचं भलं होत नाही. मराठी हवी ती समजावण्यात, क्रियापदांत. बातमीत 'विमान स्टॉल झाले, पंखांची उचल तुटली' लिहावं. इंजिन खरोखर बंद पडलं असेल तर 'इंजिन बंद पडले' लिहावं. त्या वेळीही विमान दगडासारखं पडत नाही. १७२ एक किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. त्या तरंगण्यात वैमानिक ज्यापासून सगळ्यात जपून राहतो तो स्टॉलच.

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कुणी तरी पत्र लिहीलच. जेट इंजिनात 'कॉम्प्रेसर स्टॉल' नावाचा प्रकार असतो, त्यात मोठे धडाके ऐकू येतात. तिथे बातमीने इंजिनाचं नाव घ्यायला हरकत नाही. पण तिथेही स्टॉल होतात ती कॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनात येणारी हवा दाबणाऱ्या भागाची, पाती. ती म्हणजे छोटे पंखच, आणि हवेने त्यांचीही पाठ सोडलेली असते.