टाके वरचे आणि टाके आतले

"ताई, मी नाटक करून राहिले का हो?"

खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. नागपुरातल्या नंदनवनहून ऑटोने आली होती, पोटाशी उशी धरून. ऑटो खड्ड्यातून गेली की पोट आतून ओढल्यासारखं होतं, म्हणाली. ती उशी तिने उठेपर्यंत सोडली नाही.

वय 34, शाळेत शिकवते, एक मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डाव्या अंडाशयावर संत्र्याहून मोठी गाठ होती. दुर्बिणीने जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बेंबीखाली उभा छेद घेऊन ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर ते अंडाशयही काढावं लागलं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. टाके निघाले, जखम कोरडी झाली. माझ्याकडे आली तो 23वा दिवस होता.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, चालू होता. नवरा बुटीबोरीला कारखान्यात पहिल्या पाळीत. दुपारी कूलरचं पाणी संपलं, लेक घामाने निथळत उठली, तेव्हा हिने बादली उचलली. अर्धीच भरलेली. दोन पावलांत पोटात कळ आली आणि ती तिथेच फरशीवर बसली. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "टाके तर कवाचेच सुकले." बोलल्या त्या एवढंच. पण त्या दिवसापासून हिला वाटायला लागलं की आपण कामचुकार झालो. सकाळी जरा बरं वाटतं, म्हणून झपाट्याने कामाला लागायची. अकरा वाजता अंगातलं सगळं बळ जायचं आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायची.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा प्रश्न मी इतक्या बायकांकडून ऐकते, की आता उत्तर तोंडाने देतच नाही, कागदावर चित्र काढून दाखवते. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग स्नायूंवरचं चिवट आवरण, त्याच्या आत पोटाचं पातळ अस्तर. कातडी दोन आठवड्यांत मिटते आणि दिसते ती तेवढीच. पोटाचा सगळा भार पेलतं ते मधलं आवरण. त्याला पुरेसा जोर यायला सहा आठवडे तरी लागतात आणि पुढेही कित्येक महिने ते भरत असतं. भरलेली बादली 15 किलोच्या पुढे जाते. सहा आठवडे पाच किलोची कणकेची पिशवीसुद्धा उचलायची नाही, मग ती कूलरची बादली कशी उचलणार? थकवाही खरा असतो. शरीर आत शिवणकाम करत असतं, त्याला ताकद लागते.

याचा अर्थ पडून राहायचं असाही नाही. घरातल्या घरात रोज थोडं थोडं चालायला हवंच, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातावर भार देऊन बसायचं. खोकला, शिंक आली की उशी पोटावर दाबायची. पोट साफ राहील असं खाणं आणि भरपूर पाणी, कारण कुंथणंही ओझं उचलण्यासारखंच.

बोलता बोलता ती सारखी कमरेशी हात नेत होती. परकराची नाडी नेमकी व्रणावर येत होती, आणि 45 डिग्रीत घामाने तिथे लाल रेघ उठली होती. घरात पाहुणे, म्हणून गाऊन घालायचा नाही, असं तिनेच ठरवलं होतं. मी म्हटलं, सहा आठवडे पाहुण्यांना गाऊन पाहू द्या. व्रणाभोवतीचा बधिरपणा तिला घाबरवत होता. कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून तसं होतं. बहुतेकींचा तो हळूहळू कमी होतो.

उठायच्या वेळी खरी भीती बाहेर आली. "एकच बाजू राहिली ना आता. पाळी बंद होईल का? दुसरं मूल?" ऑपरेशननंतर हे तिने कोणालाच विचारलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. उरलेलं अंडाशय धडधाकट असेल तर ते एकट्याने दोघांचं काम सांभाळतं. पाळी येते, दिवसही राहू शकतात. पहिली पाळी थोडी मागेपुढे होते, एवढंच. हे ऐकल्यावर ती खूप वेळ रडली. मी रडू दिलं.

पुढच्या खेपेला मी नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावलं. नवऱ्याला धोक्याच्या खुणा लिहून दिल्या: ताप 100.4 च्या वर, जखम लाल, गरम किंवा पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, उलट्या होऊन गॅस न सुटणं, खूप रक्त जाणं. यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

मग तोच कागद सासूबाईंपुढे ठेवला.

"आमच्या वेळी कोण बसवून ठेवे, बाई? पिशवी काढली तं आठव्या दिवशी हापशीवर होती मी," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, होतं तेच सांगत होत्या. मी मधल्या थरावर बोट ठेवलं आणि तो उसवला तर काय होतं ते सांगितलं. त्या गप्प झाल्या. हात हळूच निऱ्यांपाशी गेला.

"खोकललं की इथं बाहेर येते. अठरा वर्षं झाली. पट्टा लावते मी."

सून त्यांच्याकडे पाहतच राहिली. एका घरात दहा वर्षं राहून तिला हे ठाऊक नव्हतं.

हापशीमुळेच झालं असं मी म्हटलं नाही. जखमेत पू होणं, जुना खोकला, वजन, कशानेही होतं. पण सर्जनला दाखवा, आणि ती गाठ कडक झाली, दुखली, आत जाईना, उलट्या झाल्या तर त्याच क्षणी निघा, हे दोनदा सांगितलं. मला त्या बाईचा राग येणं शक्यच नव्हतं. आपल्याला मिळाली नाही ती विश्रांती दुसरीला द्यायची असते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. सुनेचा फोन आला, आईंना सर्जनकडे आणलंय, हर्नियाच आहे, सोनोग्राफी सांगितली. मी विचारलं, कूलर कोण भरतं?

"ह्यांनी नळापासून पाइप ओढला खिडकीपर्यंत. दहा मिनिटांचं काम होतं हो, ताई."