पगारवाढ साहेबाच्या हातात नाही, मग त्याच्या वागण्याने कामात फरक पडतो का?

तुझा प्रश्न असा की सरकारी शिक्षण ऑफिसात पगार ठरलेला, प्रमोशन सिनियॉरिटीने, कोणी सहज काढून टाकत नाही, मग साहेबाच्या लीडरशिप स्टाईलने काय फरक पडणार. मला वाटतं तिथेच जास्त पडतो. कंपनीतला बॉस बोनस दाखवून काम करून घेईल, इथल्या अधिकाऱ्याकडे तसं फारसं काही नाहीच, उरतं ते वागणं, म्हणजे चूक झाली की पाठीशी उभा राहतो की लगेच मेमो काढतो, माहिती सगळ्यांना देतो की दाबून ठेवतो.

हुकूम सोडून काम होतच नाही असं नाही बरं का, पगारबिलं, परीक्षा, ऑडिट अशा तारखेच्या कामांना ते चालून जातं. पण 1939 साली कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाईट या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या गटांवर केलेला अभ्यास वाच, हुकूमशाही लीडर खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, लोकशाही गटात बऱ्यापैकी चालू राहायचं. आणि शिक्षणाधिकारी तर कायम मीटिंगला नाहीतर शाळा तपासणीला बाहेर! मागे क्लार्कला नियम पाठ असतो तरी तो फाईल 'साहेब आल्यावर बघू' म्हणून ठेवून देतो, कारण स्वतःहून काही केलं की बोलणी बसतात हे त्याला ठाऊक असतं, आणि पेन्शनसाठी थांबलेले शिक्षक हेलपाटे मारत राहतात. याची मला खरंच चीड येते.

कशातच लक्ष न घालणारा गोड साहेब तर त्याहून वाईट, तिथे जो करतो त्याच्याच टेबलावर सगळं येतं आणि काही दिवसांनी तोही हात आखडता घेतो.

साहेबाचं वागणं आणि स्टाफचं काम यांचा संबंध तपासायच्या तुझ्या प्रोजेक्टसाठी एक कळकळीने सांगतो. एकाच कर्मचाऱ्याकडून साहेबाला मार्क आणि स्वतःच्या कामालाही मार्क असा एकच फॉर्म भरून घेऊ नकोस, ज्याला साहेब आवडतो तो दोन्हीकडे भरभरून देतो आणि संबंध आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. त्यापेक्षा परवानगी काढून आवक-जावक रजिस्टर बघ, किती फाईली अडकल्या, किती प्रस्ताव त्रुटी काढून परत आले. अधिकाऱ्याची बदली झालेलं ऑफिस मिळालं तर उत्तमच, स्टाफ तोच, नियम तेच, फक्त साहेब नवा. मात्र आधीचे आणि नंतरचे महिने वर्षातले तेच धर, ॲडमिशनच्या गर्दीची तुलना सुट्टीच्या महिन्याशी केलीस तर आकडे फसवतील.