बसून उड्डाण करणाऱ्या लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकालाही उष्णतेचा ताण येतो का?
होय, येतो, आणि त्याचे मुख्य कारण खर्च झालेली ऊर्जा नसून शरीरातील उष्णता बाहेर पडण्याचे अडलेले मार्ग हे असते. नेहमीच्या उड्डाणात वैमानिकाचा ऊर्जाव्यय हलक्या कामाइतकाच असतो. परंतु हेल्मेट, अग्निरोधक पोशाख, चिलखती जाकीट आणि थंड समुद्रावरून उडताना घालावा लागणारा जलरोधक सूट यांच्या आत घाम वाळत नाही. शरीरक्रियाशास्त्राचा हिशेब स्पष्ट आहे: एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते, पण तोच घाम कपड्यांत मुरला तर शरीरातले पाणी तेवढे कमी होते, थंडावा मिळत नाही. शिवाय कॉकपिटच्या मोठ्या काचांतून ऊन आत येते, त्यामुळे धावपट्टीवरचे तापमान पाहून निर्णय घेणे मला असुरक्षित वाटते. ओल्या तापमापकाला ७०, काळ्या गोलकातल्या तापमापकाला २० आणि कोरड्या तापमापकाला १० टक्के वजन देणारा डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर), म्हणजे हवेची उष्णता, दमटपणा आणि ऊन यांचा एकत्रित ताण दाखवणारा निर्देशांक, कॉकपिटच्या आतच मोजावा. मात्र विंच (दोराने माणसे किंवा सामान वर खेचणारे यंत्र) चालवणाऱ्या किंवा माल हलवणाऱ्या हेलिकॉप्टरच्या मागच्या भागातील कर्मचाऱ्यांना वैमानिकाबद्दलचे हे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही, कारण त्यांच्या बाबतीत स्नायूंच्या श्रमातून निर्माण होणारी उष्णताही मोठी असते.