मोठ्यांच्या मापाने वाचलेला लेकराचा रिपोर्ट

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, अंगाने जाड. माझा धाकटा भाऊ ४३व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, म्हणून मुलाचे रक्त तपासून घेतले. एकूण कोलेस्टेरॉल १९४, एलडीएल १२८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १२०. रिपोर्टात सगळे ‘नॉर्मल’ आहे. निश्चिंत राहू का?
– एक पालक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : इतक्यात नाही. रिपोर्टावर आकड्यांशेजारी छापलेल्या मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांच्या असतात. लेकरांचे माप वेगळे आहे: एकूण कोलेस्टेरॉल १७०च्या आत, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११०च्या आत, दहा ते एकोणीस वयात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ९०च्या आत आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ४५च्या वर. या मापाने तुमच्या मुलाचे चारही आकडे काठावर आहेत.

आता स्वतः एक वजाबाकी करा. १९४मधून एचडीएलचे ४२ काढले की उरतात १५२. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल. मुलांमध्ये ते १२०च्या आत हवे, १४५पासून जास्त धरतात. पुष्कळ रिपोर्टांत ते छापलेलेही नसते. शिवाय वयात येताना एलडीएल १० ते २० टक्के उतरते, त्यामुळे चौदाव्या वर्षीचा आकडा थोडा फसवा असतो. सतराव्या वर्षानंतर पुन्हा बघावेच लागेल.

एका रिपोर्टावर निर्णय नको. दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासून दोन्हींची सरासरी धरा. रात्री आठला जेवण, सकाळी आठला रक्त. मध्ये फक्त पाणी. तालुक्याला जाताना स्टँडवर घेतलेला साखरेचा चहासुद्धा उपास मोडतो. ताप येऊन गेला असेल तर तीन आठवडे थांबा. तापात कोलेस्टेरॉल खाली आणि ट्रायग्लिसराइड वर जाते; एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) तर तेव्हा करूच नये. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा, कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढते. काका पंचावन्नच्या आत गेले आहेत, म्हणून लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आयुष्यात एकदा तपासावे. ते आनुवंशिक असते, खाण्याने फारसे हलत नाही; ५० मिलिग्रॅमपासून पुढे जास्त. तुमचे स्वतःचे कोलेस्टेरॉलही याच खेपेला तपासा.

गोळीचा विचार सहा महिने पथ्य-व्यायाम करूनही एलडीएल १९०च्या, किंवा घरात असा इतिहास असताना १६०च्या वर राहिले तर होतो. इथे ती वेळ नाही. आलुबोंडा, कचोरी, बिस्किटे आणि बाटलीतले गोड पेय बंद केले की ट्रायग्लिसराइड सर्वात आधी उतरते. ज्वारीची भाकरी, वरण, जवसाची चटणी घरचीच आहे. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, आणि रोज तासभर घाम येईल असे खेळणे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी; टेप घेऊन दर महिन्याला मोजा.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, सिकलसेल एसएस. आजीला शुगर आहे. मुलीचे एचबीए१सी ४.६ आले, म्हणजे शुगरचा धोका नाही ना?
– एक आई, ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

उत्तर : हा आकडा बाजूला ठेवा. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीला हळूहळू चिकटलेल्या साखरेचे माप. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, एसएसमध्ये (सिकलसेलचा दोष आई-वडील दोघांकडून आलेला असताना) जेमतेम १० ते २०. पेशीच टिकत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवले असेल तर आणखी बिघडतो. उपाशीपोटी साखर करा: १००च्या आत ठीक, १०० ते १२५ सावधान, १२६पासून मधुमेहाची शंका, पण खात्री दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनच. रक्त घेण्याआधी सिकलसेलचे कार्ड तंत्रज्ञाला दाखवा.